बेसिकची वही

गेल्या सहामाही परीक्षेनंतर आमच्या वर्गाच्या फलकावर गुणांची जी यादी लागली, तींत एका विद्यार्थिनीस भूगोलांत ७ गुण मिळाल्याचें छापलें होतें. वास्तविक तिला ७० गुण मिळाले होते. वर्गांत तिसरी यावयाची ती मुलगी एकोणिसावी आली, आणि ती यादी फलकावर दोन दिवस तशीच राहिली. तिसरे दिवशीं तिचे वडील शाळेंत आले. ते रागावले नाहींत. रागावले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें. त्यांनीं एवढेंच विचारिलें, "सर, पेपर पुन्हां एकदां पाहतां का? पोर दोन दिवस धड जेवली नाहीं." आम्हीं कपाटांतून उत्तरपत्रिका काढली. तीवर आमच्याच हातचा लाल शाईंतील ७० हा आकडा स्वच्छ लिहिलेला होता.

ही चूक यंत्राची, असें म्हणून मोकळें होण्याची आजकाल रीत आहे, आणि आम्हीही प्रथम तेंच म्हणालों. परंतु त्या रात्रीं घरीं बसून आज्ञावली ओळीनें वाचली, तेव्हां कारण सांपडलें. गुण टंकित करतांना आम्हीं सातापुढें शून्याऐवजीं रोमन लिपींतील 'ओ' हें अक्षर दाबलें होतें. पडद्यावर तीं दोन चिन्हें जुळ्या भावंडांसारखीं दिसतात. अक्षरांचा आकडा करण्याचें काम आमच्या आज्ञावलींत 'व्हॅल' या शब्दाकडे होतें. आणि व्हॅलची रीत अशी कीं, डावीकडून अंक वाचीत जावें, अंक नसलेलें चिन्ह भेटतांच थांबावें, आणि तोंवर जें हातीं आलें तें निमूट परत द्यावें. त्यानें ७ वाचला, ओ पाहिला, व तेथेंच थांबला. तक्रार केली नाहीं, कारण तक्रार कर असें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. ती ओळ आम्हीं एका जुन्या छापील आज्ञावलीवरून जशीच्या तशी उतरून घेतली होती. ती काय करिते हें आम्हांस ठाऊक होतें. ती काय करीत नाहीं, हें मात्र आम्हीं कधीं विचारिलें नव्हतें. प्रस्तुत लेख त्या एका ओळीचें प्रायश्चित्त होय असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं.

ज्या यंत्रावर हा प्रकार घडला त्याची थोडी ओळख पालकांस करून दिली पाहिजे. रास्पबेरी पाय पिको नांवाची एक बोटभर लांब पट्टी २०२१ च्या जानेवारींत ४ डॉलर किंमतीस बाजारांत आली. तिची कामचलाऊ स्मृति २६४ किलोबाइट, आणि कायमच्या सांठवणीची जागा २ मेगाबाइट. मोबाइलनें काढलेलें एखादें छायाचित्रही जेथें अनेकदां मावणार नाहीं, एवढीच. ऑस्ट्रेलियांतील जेफ ग्रॅहॅम या गृहस्थांनीं २०११ सालीं मॅक्सिमाइट नांवाचा, हौशी माणसानें घरीं जुळवावयाचा एक संगणक तयार करून त्याकरितां बेसिक भाषेची 'एम्एम्बेसिक' ही आवृत्ति लिहिली; पुढें पीटर मॅदर यांनीं ती या पट्टीवर आणिली, आणि त्या जोडीस 'पिकोमाइट' हें नांव पडलें. कळफलक व पडदा जोडून वीज दिली कीं क्षणार्धांत पडद्यावर एक लहानसें कोनाचें चिन्ह उमटतें आणि यंत्र तुमच्या आज्ञेची वाट पाहत बसतें. चित्रें नाहींत, जाहिराती नाहींत. १९८२ च्या सुमारास घरोघरीं गेलेल्या संगणकांची ती जाणूनबुजून ठेवलेली ढब आहे. आमच्या शाळेंत अशीं दोन यंत्रें विद्यार्थ्यांनींच डाग देऊन जुळविलीं. त्यांपैकीं एकाचा डाग तीन वेळां सुटला, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

बेसिक ही भाषा मूळची शाळा-कॉलेजांचीच. अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर संस्थानांतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन अध्यापकांनीं ती रचिली, आणि १ मे १९६४ रोजीं पहांटे ४ वाजतां तींतील पहिल्या आज्ञावली यंत्रावर चालल्या. संगणक हा तेव्हां गणित्यांचा आणि अभियंत्यांचा मक्ता होता. वाङ्मय आणि इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसही तो हाताळतां यावा हा त्यांचा हेतु होता, आणि म्हणूनच प्रिंट, इनपुट, इफ, देन असे बोलीतील साधे इंग्रजी शब्द त्यांनीं निवडले. आपल्या देशांत १९८४ सालीं सरकारनें शाळांकरितां 'क्लास' नांवाची योजना काढली, तेव्हां जीं यंत्रें निवडलीं गेलीं तीं इंग्लंडांतील बीबीसी मायक्रो हीं होतीं, आणि त्यांचीही भाषा बेसिकच. आज पन्नाशी ओलांडलेल्या कांहीं पालकांस तीं आठवत असतील.

आतां मुद्द्याकडे येऊं. आमचें म्हणणें असें आहे कीं, असल्या लहान यंत्रावर मुलांनीं मोठे खेळ रचण्याच्या आधीं लहान लहान, पुन्हां पुन्हां उपयोगीं पडणाऱ्या आज्ञावलींची एक वही करावी. यांस संगणकाच्या परिभाषेंत रूटीन म्हणतात. फोडणीचें उदाहरण घ्या. फोडणी हा कांहीं पदार्थ नव्हे. पण वरण, भाजी, कढी या सर्वांस ती लागते, ज्याला ती साधली त्याचें अर्धें काम झालें, आणि ती जळली तर पुढला सारा पदार्थ जळका लागतो. आमची फोडणी कशी जळली तें वर सांगितलेंच आहे.

त्या प्रसंगानंतर वहीच्या पहिल्या पानावर जें रूटीन आलें तें आंकडा नीट घेण्याचें. वापरणाऱ्यानें दिलेला मजकूर प्रथम अक्षरें म्हणून घ्यावा. त्यांतील एकेक अक्षर तपासावें. एकही अक्षर ० ते ९ यांच्या बाहेरचें निघालें तर तें दाखवून पुन्हां विचारावें. मजकूर रिकामा असेल तरीही पुन्हां विचारावें. आणि मगच व्हॅलच्या स्वाधीन करावा. साऱ्या दहा-बारा ओळी. जुन्या बेसिकमध्यें आंकड्याच्या जागीं अक्षर आल्यास यंत्र 'पुन्हां आरंभ करा' असा इषारा देई, पण तो दिसतांच नवशिक्या गोंधळून जाई. म्हणून अनेकांनीं तो टाळण्यासाठीं व्हॅलची वाट धरली आणि नकळत इषाराच नाहींसा केला. गैरसोय टाळतांना पहारेकरीच काढून टाकणें हा आम्हां लोकांचा जुना दोष आहे.

दुसरें रूटीन क्रमांक लावण्याचें. येथें मुलें लगेच म्हणतात, गुण उतरत्या क्रमानें मांडा आणि वरून खालीं १, २, ३ लिहीत जा. चाळीस मुलांचा वर्ग धरला, तर प्रत्येकाची इतर प्रत्येकाशीं एकदां तुलना करावयास ७८० तुलना लागतात, आणि एम्एम्बेसिकमध्यें तर त्याकरितां 'सॉर्ट' ही तयार आज्ञाच आहे. पण दोघांना सारखेच ४१२ गुण असतील तर? तर एकाला चौथा क्रमांक मिळतो आणि दुसऱ्याला पांचवा, आणि कोणाला कोणता हें बहुधा हजेरीपटावर कोणाचें नांव आधीं यावर ठरतें. म्हणजे आडनावाचें आद्याक्षर परीक्षा देतें! त्यापेक्षां निराळी रीत पाहा. प्रत्येक मुलाकरितां त्याच्याहून अधिक गुण मिळविणारे किती हें मोजावें, आणि त्यांत १ मिळवावा. तोच त्याचा क्रमांक. सारख्या गुणांस सारखा क्रमांक आपोआप मिळतो, पुढला क्रमांक आपोआप गळतो, आणि यादी हलवावीही लागत नाहीं. एकांत एक अशा दोन फेऱ्या व मध्यें एक 'इफ', एवढाच पसारा. आमच्या एका विद्यार्थ्यानें आक्षेप घेतला कीं, यांत १,६०० तुलना होतात, म्हणजे दुपटीहून अधिक काम. त्याचा हिशेब अगदीं बरोबर आहे, आणि त्यानें तो केला याचा आम्हांस आनंद झाला. पण चाळीस मुलांच्या वर्गांत या यंत्रास तें काम पापणी लवण्याच्या आंत उरकतें. चाळीस हजारांची यादी असती तर आम्हीं त्याचें म्हणणें मान्य केलें असतें.

पूर्णांक करण्याचें रूटीन तर एका ओळीचें आहे: आंकड्यांत ०.५ मिळवा आणि 'इंट' घ्या. इंट म्हणजे त्या आंकड्याएवढा किंवा त्याच्या लगत खालचा पूर्णांक. ३४.४ चे ३४ होतात, ३४.५ चे ३५. आपल्याकडे उत्तीर्ण होण्यास ३५ लागतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या एका ओळीचें वजन कळेल. जो ०.५ मिळवावयास विसरला, त्याच्या यंत्रावर ३४.९ गुणांचा मुलगाही नापास होतो. याहून सूक्ष्म फसवणूक दोनदां पूर्णांक करण्यांत आहे. ३४.४६ हा आंकडा प्रथम एका दशांशापर्यंत आणिला कीं ३४.५ होतो, आणि तोच पुन्हां पूर्णांक केला कीं ३५; सरळ एकदांच केला असता तर ३४ च राहिला असता. मुलगा एकच, पेपर एकच. एका शिक्षकाच्या यादींत पास आणि दुसऱ्याच्या यादींत नापास. यांतील कोणतें योग्य हें यंत्र ठरवीत नाहीं. तें माणसानें आधीं ठरवून मग ओळ लिहावयाची असते, आणि आमच्या मते तें ठरविलेलें वाक्य रूटीनच्या माथ्यावर टीप म्हणून लिहिलेंच पाहिजे. ज्या वहींत टीपा नाहींत ती वही सहा महिन्यांनीं तिच्या मालकासही वाचतां येत नाहीं.

पैशांच्या हिशेबाबद्दल थोडक्यांत सांगतों. ०.१ हा आंकडा दहा वेळां मिळवा आणि बेरीज १ झाली काय असें यंत्रास विचारा. तें 'नाहीं' म्हणेल. जसा एक-तृतीयांश आपल्या दशांशांत कधीं पुरा लिहून होत नाहीं, तसा एक-दशांश यंत्राच्या द्विमान पद्धतींत पुरा होत नाहीं, आणि ती कणभर तूट सांचत जाते. पडद्यावर कदाचित् १ च छापलेला दिसेल, म्हणून तर ती अधिक फसवी. सहलीची वर्गणी मोजणाऱ्यांनीं सारा हिशेब पैशांत, पूर्णांकांत ठेवावा व छापतांना मात्र शंभरानें भागावें.

जुन्या आज्ञावलींत थोडें थांबावयाचें असलें कीं यंत्रास १ पासून १,००० पर्यंत उगाच आंकडे मोजावयास लावीत. तेव्हांच्या यंत्रांचा ठोका सेकंदास दहा लाखांच्या आसपास असे. पिकोचा १३ कोटींच्या वर आहे. तीच ओळ आज उतरून घ्याल तर खेळांतला चेंडू दिसण्यापूर्वीं नाहींसा होईल. घड्याळ पाहून थांबणारें रूटीन लिहावें. 'टायमर' हा शब्द सेकंदाचा हजारावा भाग मोजीत असतो.

वार काढण्याचें रूटीन मुलांस सर्वांत आवडतें, आणि आम्हांसही. हें सूत्र क्रिस्तियान झेलर या जर्मन पाद्रीसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रसिद्ध केलें. मार्चला ३ धरून पुढें मोजावें, आणि जानेवारी व फेब्रुवारी हे गेल्या वर्षाचे १३ वा व १४ वा महिने समजावे. म्हणजे लीप वर्षाचा जादा दिवस वर्षाच्या शेवटीं जातो आणि त्याची कटकट उरत नाहीं. मग तारीख घ्या. महिन्यांत १ मिळवून १३ नें गुणा व ५ नें भागा. सालाचे शेवटचे दोन अंक घ्या. त्यांचा चतुर्थांश घ्या. शतकाच्या अंकांचा चतुर्थांश घ्या. शतकाच्या अंकांची पांचपट घ्या. भागाकारांतले अपूर्णांक सोडून द्या. आणि साऱ्यांची बेरीज ७ नें भागून बाकी पाहा. बाकी ० असेल तर शनिवार, १ असेल तर रविवार, याप्रमाणें पुढें. १५ ऑगस्ट १९४७ घ्या: १५, २३, ४७, ११, ४ आणि ९५, बेरीज १९५, बाकी ६, म्हणजे शुक्रवार. बेसिकचा जन्मदिवस १ मे १९६४ घ्या: १, १५, ६४, १६, ४ आणि ९५. याचीही बेरीज १९५ च, आणि वारही शुक्रवारच! हा निव्वळ योगायोग. परंतु वर्गांत तो निघाला तेव्हां मागच्या बांकावरील मुलेंसुद्धां उठून फळ्यापाशीं आलीं. मूळ सूत्रांत शतकाची दुप्पट वजा करावयाची असते. तसें केल्यास कांहीं तारखांस बेरीज शून्याखालीं जाते आणि अनेक यंत्रें बाकीही ऋण देतात, मग वार कोठला? सातांच्या हिशेबांत दोन वजा करणें आणि पांच मिळवणें एकच, म्हणून आम्हीं पांचपट घेतली. हें 'म्हणून' ज्यास सांगतां येतें, त्याचें तें रूटीन झालें. एरवीं तें झेलरसाहेबांचेंच राहतें.

बेसिकवर विद्वानांचा रोष आहे हें आम्हांस माहीत आहे. एड्झगर डाइकस्ट्रा या थोर डच संगणकशास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं असें लिहून ठेविलें कीं, आधीं बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्यांस चांगलें आज्ञालेखन शिकविणें जवळ जवळ अशक्य आहे. त्यांचा मुख्य राग 'गोटू' या शब्दावर होता. तो मनाला येईल तेथून मनाला येईल तेथें उडी मारूं देतो, आणि मग आज्ञावली वाचणें म्हणजे गुंतलेला दोरा सोडविणें होतें. या टीकेंतील निम्मी आम्हांस पूर्ण मान्य आहे. केमेनी आणि कुर्ट्झ यांसही लहान यंत्रांवर आपल्या भाषेचें जें झालें तें रुचलें नव्हतें, आणि त्यांनीं पुढें तिची सुधारलेली आवृत्ति काढली. परंतु १९८१ च्या बीबीसी बेसिकमध्येंच नांव देऊन रूटीन वेगळें ठेवण्याची सोय होती, आणि एम्एम्बेसिकमध्यें तर ओळींना क्रमांकही द्यावे लागत नाहींत. 'सब' व 'फंक्शन' आहेत, आणि 'लोकल' म्हटलें कीं रूटीनच्या आंतील नांवें बाहेरच्या नांवांशीं भांडत नाहींत. हें शेवटचें मुलांनीं कधीं विसरूं नये. जुन्या पद्धतींत बाहेरच्या फेरींतही 'आय' आणि रूटीनच्या फेरींतही 'आय' असे, आणि मग चाळीस मुलांची यादी दुसऱ्याच मुलावर संपे. दोष भाषेचा नव्हे असें आम्ही म्हणत नाहीं. दोष दिसण्याइतकी ही भाषा उघडी आहे, एवढेंच म्हणतों.

पालकांचा आक्षेप निराळा असतो, आणि तो अधिक वजनदार आहे. ते विचारतात, "सर, आतां यंत्रास बोलून सांगितलें कीं आज्ञावली तेंच लिहून देतें. मग हा साठ वर्षांपूर्वींचा खटाटोप कशास? याला नोकरी कोण देणार?" बेसिकच्या बळावर नोकरी मिळेल असें वचन आम्ही देत नाहीं; तें खोटें होईल. आणि तयार रूटीन मागून घेण्यासही आमची बंदी नाहीं. आम्हीं स्वतः छापील कागदावरून उतरून घेतलेंच होतें कीं! भेद एवढाच कीं, त्या कागदास आम्हीं प्रश्न विचारले नाहींत, आणि त्याची किंमत एका मुलीनें दोन दिवस भरली. म्हणून वर्गांत नियम असा केला आहे: रूटीन कोठूनही आणा, पण त्याला शून्य दिलें तर काय, ऋण आंकडा दिला तर काय, कांहींच न दिलें तर काय आणि दोन सारखे दिले तर काय, या चार प्रश्नांचीं उत्तरें यंत्रावर करून दाखविल्यावांचून तें वहींत चढवावयाचें नाहीं. ज्यांनीं उत्तरें स्वतः काढलीं आहेत, त्यांस दुसऱ्यानें लिहिलेली आज्ञावलीही वाचतां येऊं लागली, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. मोठ्या यंत्रावर हें शिकतां येत नाहीं असें नाहीं. पण तेथें चूक कोठें दडली हें शोधावयास दहा दारें उघडावीं लागतात. येथें सारें घर एका खोलीचें आहे.

या यंत्राची एक उणीव मात्र आम्हांस बोंचते. त्याला देवनागरी येत नाहीं. आपलीच यादी आणि आपल्याच मुलांचीं नांवें रोमन लिपींत छापावीं लागतात. स्वतःचीं अक्षरें रेखाटून देण्याची सोय एम्एम्बेसिकमध्यें आहे, आणि आठवीच्या दोन मुलांनीं चौकटीच्या कागदावर ठिपके भरून १ ते ९ हे मराठी अंक बनविलेही. पण ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत नंतर आणि लिहिण्यांत आधीं येते हें कळल्यावर त्यांचें काम तूर्त थांबलें आहे.

वहींत आजवर तेवीस रूटिनें चढलीं आहेत. पहिल्या पानावरचें, अंक तपासण्याचें, त्याच विद्यार्थिनीनें आपल्या हातानें लिहिलें आहे. तिच्या रूटिनानें 'ओ' पकडला खरा, परंतु पहिल्याच दिवशीं एका मुलानें त्यास शंभरांपैकीं १०५ गुण देऊन पाहिले आणि त्यानें ते निमूट घेतले. तेव्हांपासून तें आधीं पेपर किती गुणांचा हें विचारून घेतें. मग गैरहजर मुलाचा प्रश्न निघाला. त्याच्या जागीं ० लिहावें तर पेपर देऊन शून्य मिळविणाऱ्यांत आणि तापानें घरीं पडलेल्यांत भेद राहत नाहीं; उणें १ ही खूण ठेवावी, असें ठरलें, तर पुढल्या रूटिनानें ती खूणही बेरजेंत धरली आणि एका आजारी मुलाचा एक गुण कापला गेला. मुलीचें म्हणणें, गैरहजेरीची वेगळीच यादी ठेवावी. त्या मुलाचें म्हणणें, बेरीज करणाऱ्या रूटिनानेंच उणें १ ओळखावा. दोघांनींही आपआपली आज्ञावली आम्हांस आणून दिली आहे, आणि वार्षिक परीक्षेची यादी लागण्यापूर्वीं त्या दोहोंना आम्हांस तेच चार प्रश्न विचारावयाचे आहेत.